ओवाळणीचा डबा

चामराजपेट, बेंगळूर
मंगळवार, ११ मार्च २०२५

शकुअक्का,

तुझ्या पायांना हात लावून नमस्कार. हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. आता मला खरोखर खाली वाकता येतं.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. रोज कागद काढत होतो, वर तारीख घालत होतो आणि परत ठेवून देत होतो. शिल्पाश्री म्हणाली, "अण्णा, नुसत्या तारखाच लिहिताय. पत्र कधी लिहिणार?" सून आहे, बोलते. तुझ्या कानांना फोन चालत नाही म्हणून पत्राचा खटाटोप, असं मी तिला सांगतो. पण खरं म्हणजे फोन चालला असता तरी मी असाच नंबर फिरवून ठेवून दिला असता.

आधी एक सांगून टाकतो. तू सांधेदुखीच्या पुडीचा नवा डबा मागितलास. तो मी पाठवलेला नाही, पाठवणारही नाही. का, ते याच पत्रात सांगणार आहे, पण मला स्वल्प वेळ दे. पत्र पुरं वाचल्याशिवाय हातातला डबा फेकू नकोस, आणि त्यातलं जास्तही घेऊ नकोस. एवढं ऐक.

आता माझ्या गुडघ्याचं.

बरोबर नऊ आठवड्यांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. डावा गुडघा. तुला कळवलं नाही, कारण तू काळजीत पडशील. असं मी सगळ्यांना सांगितलं. ते ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं, अक्का! आज सकाळी मी काठीशिवाय घरातून निघालो, मार्केटच्या फुलवाल्यांपर्यंत गेलो, शेवंती घेतली आणि चालत परत आलो. येताना दुकानाच्या माळ्यावर चढलो. आठ महिन्यांनी चढलो. माळ्यावर उंदरांनी जरीचा एक तागा कुरतडून ठेवला होता, तरी मला आनंदच झाला.

तुला आठवतं ना, गेल्या वर्षी तुझ्या नंदकिशोरच्या मुलीच्या लग्नात मी खुर्चीतून उठलोच नव्हतो. तू म्हणालीस, गुंड्या, बेंगळूरला राहून साहेब झालास. मी हसलो. मला उठताच येत नव्हतं. आतून कुणी सुतारकामाचं गिरमिट फिरवतंय असं दुखायचं. बैठक मारून पेटे बांधणं तर कधीच सुटलं होतं. म्हैसूर पेट्याचं, जरीच्या पगडीचं काम म्हणजे मांडी घालून बसायचं, लाकडी डोकं पुढ्यात घ्यायचं आणि घडीवर घडी चढवत जायची. पन्नास वर्षं केलं. सत्काराचे पेटे असतात, समोरच्याच्या डोक्यावर नीट बसले पाहिजेत. खुर्चीत बसून बांधायला गेलो तर घड्या तिरक्या जायच्या. आमचा विनोदकुमार मुकाट्याने सोडून परत बांधायचा. तो बोलायचा नाही, त्याचंच वाईट वाटायचं.

दसऱ्यानंतर विनोदने ओढत दवाखान्यात नेलं. त्या मोठ्या यंत्रात घातलं, ज्यात ठोकल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि म्हणाले, गुडघ्याच्या आतल्या बाजूचं हाड मेलंय. रक्त पोचत नाही त्याला.

मेलंय! मी घरी आलो तो थेट न्हाणीघरात गेलो. देवाला शिवलो नाही. चार दिवस पूजा केली नाही. शिल्पाश्रीने विचारलं तेव्हा सांगितलं, अगं, जिवंत माणसाच्या आत मेलेलं हाड आहे, सुतक धरायचं की नाही, कुणाला विचारू? ती म्हणाली, "नखं आणि केस पण मेलेलेच असतात अण्णा. मग काय आपण जन्मभर सुतकात?" मला पटलं नाही, पण पूजा सुरू केली.

मग पुढची काळजी. डॉक्टर म्हणाले, पूर्ण गुडघा नको, अर्धाच बदलू. मी विचारलं, अर्धाच का? उरलेला अर्धा कधी? ते म्हणाले, "तो चांगला आहे, अण्णा. चांगलं कशाला काढू?" मी विचारलं, धातूला गंज चढेल का, मी रोज दोनदा अंघोळ करतो. नाही म्हणाले. मी विचारलं, मेल्यावर अग्नी दिला की ते तापेल, अस्थी गोळा करताना विनोदचा हात भाजेल का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग विनोदला म्हणाले, "तुमचे वडील बरीच वर्षं जगणार. एवढी काळजी करणारी माणसं लवकर जात नाहीत."

ऑपरेशनला पूर्ण भूल नव्हती. पाठीत सुई टोचून कमरेखालचं बधिर केलं. मध्ये पडदा. मी जागा. पलीकडून करवत, मग हातोडी, टक टक टक. अगदी आपल्या दुकानात ठोकळ्यावर खिळे मारतो तसं. मी विचारलं, कुणाचं चाललंय? पडद्यामागून उत्तर आलं, "तुमचंच." मी डोळे मिटून घेतले आणि आठवतील तेवढी स्तोत्रं म्हटली. आठवली तीनच. तीच फिरवून फिरवून म्हटली.

दुसऱ्याच दिवशी उभं केलं. त्यासाठी सुखदा म्हणून एक मुलगी यायची, फिजिओ. नागपूरची. तिचं मराठी ऐकून मला आधी बिचकायला झालं, आपलं तसं नाही ना. "काका, फुल बेंड करा, घाबरता काय? टाके नाही उसवत." मी म्हणालो, बाई, मी शिवणकामवाला आहे, टाके कधी उसवतात मला विचार. ती एवढी हसली की शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला. तिने मला शिकवलं: जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मी ते दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. मांडी घालायची नाही असं सांगितलंय, तेव्हा विनोदने मला कमरेएवढं उंच टेबल करून दिलं. आता उभं राहून बांधतो. परवा बांधलेला पेटा विनोदने हातात घेऊन फिरवून पाहिला आणि सोडला नाही. तसाच खोक्यात ठेवला. अक्का, मी मुद्दाम दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसायला नको.

आता थांबतो. हात दुखतो.

गुरुवार, १३ मार्च

हात दुखत नव्हता. परवा पुढचं लिहवेना म्हणून थांबलो. आज लिहून टाकीनच.

माझं हाड कशाने मेलं ते तुला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुठलं गावठी औषध, पुडी वगैरे घेता का? मी नाही म्हणालो. शिल्पाश्रीने पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. होसकोट्याच्या आप्पाजींची पुडी. तीच, अक्का. सकाळी एक, मधातून.

डॉक्टरांनी डबा तपासायला पाठवला. नोव्हेंबरच्या शेवटी कागद आला. त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं. ते घेतलं की दुखणं थांबतं, भूक लागते, तोंड गोल होतं. मला सगळे म्हणायचे गुंडूराव गुटगुटीत झाला. आणि आत हाडाचं रक्त आटत जातं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचंच हाड मरतं असं नाही, पण तुमचं यानेच गेलं असं मला वाटतं. चार वर्षं मी रोज सकाळी हात जोडून ती पुडी घेतली होती.

दुसऱ्या वर्षापर्यंत मला एवढं बरं वाटू लागलं की भाऊबीजेला तुला साडीऐवजी डबा पाठवला. तू लिहिलंस, सांधे मोकळे झाले, मी एकटी देवळात जाऊन आले, गुंड्या, दहा साड्यांपेक्षा ही ओवाळणी मोठी. ते पत्र मी चौघांना वाचून दाखवलं होतं. माझी शाळा सहावीत सुटली, तुझ्या घरच्यांसारखं मला कधी काही जमलं नाही. तुला काही देता आलं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग दर भाऊबीजेला डबा. तीन वर्षं.

आता होसकोट्याचं सांगतो.

गेल्या शुक्रवारी मी घरी सांगितलं, बनशंकरीच्या देवीला जातो, आणि मार्केटवरून होसकोट्याची बस धरली. एकटा. आप्पाजींची खोली वरच्या मजल्यावर आहे, अठरा पायऱ्या. चांगला पाय आधी, असं मनात म्हणत चढलो. आत पंचवीस-तीस माणसं बसली होती. आणि आप्पाजींच्या डोक्यावर भिंतीला तो फोटो.

तुला फोटोचं माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मीच आपल्या समाजाच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करवला होता. मीच पेटा बांधला, मीच डोक्यावर चढवला. तो फोटो त्यांनी मोठा करून लावलाय. दारातून आत येणाऱ्या माणसाला आधी मी दिसतो, त्यांच्या डोक्यावर पेटा ठेवताना, हसताना.

आप्पाजी म्हणाले, "या या गुंडूराव! पाय कसा आहे?"

"बदलला," मी म्हणालो.

"काय बदललं?"

"तुमच्या पुडीने मेलं ते."

माझा आवाज तुला माहीत आहे. बस कंडक्टरला थांबा सांगतानासुद्धा फुटत नाही. त्या दिवशी फुटला. आप्पाजी म्हणाले, "शांत व्हा, स्वल्प पाणी प्या." मी पाणी प्यायलो नाही. भिंतीजवळ बाक होतं. मी चांगला पाय आधी टाकून त्यावर चढलो, अक्का, एकाहत्तर वर्षांचा माणूस, नऊ आठवडेही झाले नव्हते, आणि फोटो खिळ्यावरून काढला. सुखदाने बघितलं असतं तर मला तिथेच खाली ओढलं असतं.

एक म्हातारी म्हणाली, "अज्जा, डोकं फिरलं का तुमचं?" मी खाली उतरलो, पायजमा वर केला आणि सगळ्यांना व्रण दाखवला. दवाखान्याचा कागद खिशात होता. एका शिकलेल्या माणसाने तो मोठ्याने वाचला. आप्पाजी म्हणत राहिले, खोटा कागद आहे, मोठ्या दवाखान्यांचे धंदे आहेत हे. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "मला तर बरं वाटतं ह्या पुडीने."

"मलाही वाटत होतं," मी म्हणालो. "चार वर्षं वाटत होतं."

मग मला डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं: एकदम बंद करू नका, अंगाला सवय झालेली असते, जिवावर बेतेल. डबा घेऊन खऱ्या डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतील. अकरा माणसं उठली. मी मोजली. बाकीची बसून राहिली, पण अकरा उठली. जिन्यात एका बाईने माझा हात धरला. तिला वाटलं मला उतरायला आधार हवा. मी म्हणालो, नको, येतं मला. ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या घरात आणखी कुणी घेतं का ही पुडी?"

मी तसाच उतरलो आणि बस धरली. होसकोटे ते मार्केट, बसमध्ये बसून, फोटो मांडीवर पालथा घालून मी तेच ऐकत होतो. अनोळखी अकरा माणसांना वाचवलं म्हणून मला जोर आला होता, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मी अजून एक अक्षर कळवलं नव्हतं.

आता राहिलं ते लिहितो. हे लिहिण्यासाठी तीन आठवडे तारखा घातल्या.

यंदाची भाऊबीज तीन नोव्हेंबरला होती. डॉक्टरांनी मला पुडीबद्दल ऑक्टोबरातच बजावलं होतं. तपासणीचा कागद यायचा होता, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मला संशय आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुझा डबा आणून ठेवलेला होता. मी म्हटलं, डॉक्टर असंच म्हणतात. मी म्हटलं, ओवाळणी चुकवली तर अक्का काय म्हणेल. मी तो डबा लाल कागदात बांधला, वर कुंकू लावलं आणि पाठवला. माहीत नसताना पाठवले ते दोन डबे वेगळे. तिसरा मी माहीत असून पाठवला.

नंतर कागद आला तेव्हा विनोद म्हणाला, नंदूला फोन करून सांगतो. मी त्याला करू दिला नाही. म्हणालो, ओवाळणी माझी, सांगणार मी. आणि सांगितलं नाही.

मग तुझं पत्र आलं. उजव्या खुब्यात कळ येते म्हणून एकाऐवजी दोन पुड्या घेते, डबा पाडव्यापर्यंत कसाबसा पुरेल, दुसरा पाठव. नंदकिशोरने पाठवलेल्या संक्रांतीच्या फोटोत तुझं तोंड गोल दिसतं, सगळे म्हणाले अक्काची तब्येत छान झाली. मला माहीत होतं ते कसलं गोल आहे.

आज सकाळी मी विनोदला फोन करायला लावला. नंदकिशोर म्हणाला, मी दिवाळीपासून आईला सांगतोय की हे औषध दाखवू या. ती ऐकत नाही. म्हणते, भावाने ओवाळणीत घातलंय, ते मी टाकणार नाही, कुणाला तपासायलाही देणार नाही. मामांच्या हातचं लिहिलेलं आलं तरच ऐकेल.

म्हणून माझ्या हातचं लिहितो, मोठ्या अक्षरात. अक्का, ती ओवाळणी मी परत घेतो. भावाने दिलेलं भाऊच परत मागतोय, त्यात कसला दोष नाही, असला तर मला लागो. डबा आणि उरलेल्या पुड्या नंदकिशोरच्या हातात दे. हे पत्र वाचशील त्याच दिवशी त्याच्याबरोबर दावणगिरीच्या मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टरला सांग, घेतेय त्याला तिसरं वर्ष चालू आहे आणि आता दिवसाला दोन. लपवू नकोस, मी लपवलं होतं. खुब्याचा फोटो काढायला सांग. ते सांगतील तसंच कमी कर, आपल्या मनाने बंद करू नकोस आणि डबा संपेपर्यंत थांबूही नकोस. माझ्या कागदाची नक्कल सोबत घातली आहे, ती दाखव. खुब्याला काही झालं असलं तरी घाबरू नकोस. मी घाबरून बघितलंय, त्याचा काही उपयोग होत नाही. माझ्यासारखा घाबरट मनुष्य करवतीचा आवाज ऐकून उठला आणि आज चालतोय, मग तू तर मला हात धरून शाळेत पोचवणारी.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. पण ते तू केव्हा करायचं ते तुझ्यावर सोडतो. मनात येईल त्या शिव्या दे. फक्त आधी दोन ओळी पाठव: दवाखान्यात जाऊन आले, डॉक्टर असं असं म्हणाले. बस. पत्र आजच्या टपालाने जातंय, तीन-चार दिवसांत पोचेल. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुझ्या अक्षरातलं काही आलं नाही, तर शनिवारी सकाळच्या गाडीने मी दावणगिरीला येतो. एकटा येतो. तुझं तोंड चुकवायला आता गुडघ्याचं निमित्तही उरलेलं नाही.

लवकर कळव, अक्का. दारातल्या टपालाच्या पेटीपर्यंत मी दिवसातून चार फेऱ्या घालणार आहे.

तुला तोंड दाखवायला लाजणारा, तरी तुझाच,
गुंडू